घराबाहेरची लाईट: सोलापूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत टिकेल अशी कशी करायची

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा आतल्या लाईटवर आम्ही तीन महिने डोकं खपवलं आणि बाहेरच्या लाईटवर फक्त अर्धा तास, तोही दुकानात काउंटरपाशी उभं राहून. बायकोला गेटवरचे कंदिलासारखे दिवे आवडले, मला भिंतीवर वर-खाली झोत टाकणारे, पोराला रंग बदलणारी पट्टी. घेतलं सगळं. वास्तुशांतीला घर असं झगमगलं की शेजारचे काका गेटवरनंच म्हणाले, "काय ओ, मंगल कार्यालय काढलालाव का?"

मग पहिला वळीव आला. रात्री साडेनऊला फट्‌ करून सगळं घर अंधारात, बाहेरचं सोडा, फ्रिज पंखे टीव्ही सगळंच. आरसीसीबी, म्हणजे कुठं करंट गळला की वीज तोडणारा खटका, वर केला की परत खाली, परत वर की परत खाली. वायरमन दोन दिवसांनी आला आणि शोधत शोधत शेवटी पार्किंगमधले पेव्हर उचलावे लागले, खाली मातीत एक जॉईंट, काळी टेप गुंडाळलेला, चिखलात बुडालेला. "मी टेप मारलोय की साहेब, दोन पदर." मारली होती, खोटं नाही. पण मे महिन्याच्या उन्हात टेपचा गोंद वितळून ती नुसती सैल गुंडाळी राहिली होती.

त्यानंतर सगळं उकरून परत केलं. आत्तापर्यंत आमच्याकडं आणि ओळखीच्या चार-पाच घरात जे जे बंद पडलं त्यातलं बहुतेक जॉईंटपाशीच बंद पडलंय, दिवा बिचारा चांगला असतो. म्हणून खाली लिहिताना दिव्यांपेक्षा वायर आणि जॉईंटवर जास्त बोलणार आहे, कंटाळा करू नका.

एक आधीच सांगतो. जोडणी परवानाधारक माणसाकडनंच करून घ्या. हे वाचून स्वतः स्टूलवर चढू नका. हे वाचायचं ते काम करून घेताना आपल्याला काय विचारायचं ते कळावं म्हणून.

१. आधी अंधार बघा, दुकानात नंतर जा

एका रात्री नऊनंतर घराबाहेरच्या सगळ्या लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्चही बंद, आणि दहा मिनिटं नुसतं फिरा. गेटपासून दारापर्यंत, दारापासून गच्चीच्या जिन्यापर्यंत, बाजूच्या बोळातून मागं. कुठं पाय अडखळतो, कुठं कुलपाचं भोक सापडत नाही, कुठं जायला नको वाटतं, हे सगळं कागदावर लिहा. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड कुठपर्यंत येतो तेही बघा. आमच्या गेटवर खांबाचा उजेड आधीच होता, तिथं आम्ही दोन दिवे लावले. आणि हौदापाशी एकही नाही.

हौद म्हणजे आपल्याकडं खरा विषय आहे. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा घड्याळ बघून येत नाही. रात्री दीडला उठून व्हॉल्व्ह फिरवायचा, मोटर चालू करायची, हौदाचं झाकण उघडायचं. ओली फरशी, उघडा हौद, हाताशी मोटरचं बटण, आणि नवीन वसाहतीत रानाकडची बाजू असेल तर विंचूकाट्याची भीती वेगळीच. सोलापुरात बाहेरचा पहिला दिवा कुठं लावायचा असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगतो, मोटरपाशी. गेट नंतर.

माझा क्रम असा: मोटर-हौद, मग पायऱ्या, मग कुलूप लावतो ती जागा, मग गाडी लावायची जागा, मग बाजूचा बोळ. झाडावर झोत, भिंतीवर झोत वगैरे शोभेचं सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. उरतातच असं नाही.

२. कागदावर नकाशा काढा, आणि स्विच कुठं ते पण लिहा

चौकोनी वहीचं पान घ्या, घराची बाह्यरेषा काढा, एका चौकोनाला एक फूट धरा. प्रत्येक दिव्याला नंबर द्या. पुढं लिहा: किती उंचीवर, कशासाठी, कुठल्या स्विचवर. इथं बहुतेक लोक (मी पण) एक चूक करतात, सगळं बाहेरचं एकाच स्विचवर घेतात. मग कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलं तरी सगळा दरबार पेटतो.

निदान तीन भाग करा. एक, रोज लागणारे दोन-तीन दिवे, हे इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, लाईट गेली तरी दार-जिना दिसला पाहिजे. दोन, मोटर-हौद-बोळ, याचा स्विच घरात पण आणि मोटरपाशी पण, म्हणजे टू-वे. तीन, शोभेचं.

उंचीचं सांगायचं तर नवशिक्याला वाटतं जितकं वर तितकं छान. उलट होतं. दहा फुटावरचा फ्लडलाईट डोळ्यात मारतो आणि त्याच्या पलीकडं उभा असलेला माणूस मुळीच दिसत नाही, चोराची सोयच. पायऱ्यांना पायरीच्या बाजूच्या भिंतीत फूटभर उंचीवर लहान फूट लाईट बसवा, पायरीची कड दिसते आणि डोळ्याला बल्ब दिसत नाही. रस्त्यालगत किंवा शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीकडं तोंड करून काहीही लावू नका. आमचा एक झोत दोन आठवडे काकांच्या खिडकीत जात होता, ते बिचारे बोलले नाहीत, काकूंनी हळदीकुंकवाला आल्यावर सांगितलं.

३. वायरिंग कधी करायची

घर बांधायचं चालू असेल तर प्लास्टरच्या आधी भिंतीतले पाईप आणि पेव्हर-फरशीच्या आधी जमिनीतले पाईप. लाईट कुठली ते ठरलं नसलं तरी पाईप टाकून ठेवा, त्यात एक नायलॉनची दोरी सोडून तोंड बंद करा. रिकामा पाईप लै स्वस्त पडतो, नंतर पेव्हर उचलणं लै महाग. गेटच्या दोन्ही खांबात, कंपाउंडच्या चारी कोपऱ्यात, गच्चीच्या कठड्याला, पोर्चच्या स्लॅबमध्ये पाईप पाहिजेच. गेटच्या एका खांबाला पाईप आहे आणि दुसऱ्याला विसरले अशी घरं आमच्या एकाच गल्लीत तीन आहेत, दुसऱ्या खांबाचा दिवा कायमचा आंधळा.

घर तयार असेल तर भिंतीवरनं पाईप फिरवा, सज्जाच्या खालनं, दिसणार नाही अशा कोपऱ्यातनं. उघडी वायर खिळ्याने ठोकत नेणं, खिडकीच्या ग्रीलला बांधणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपडे वाळत घालायच्या तारेवरनं नेणं, हे कधीही करू नका. वायर घासून उघडी पडली की तारेत करंट उतरतो आणि ओले कपडे घालायला गेलेलं माणूस चिकटतं. असं झाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतो आपण.

४. डब्यावर काय वाचायचं

दुकानदार रंग दाखवतो, आपण डबा उलटा करून बारीक अक्षर वाचायचं.

आयपी नंबर: दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सहन करेल, पोर्चच्या छताखाली चालतो. उघड्यावर आयपी ६५ पाहिजे, यात पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सहन करेल. आपल्याकडं पाऊस कमी, धूळ भरपूर, त्यामुळं पहिला आकडा ६ असणं जास्त महत्त्वाचं हे दुकानात कोणी सांगत नाही. जमिनीत पुरायचा असेल तर आयपी ६७, तो एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकतो. तरी काळ्या मातीत जमिनीतला दिवा मी टाळायला सांगेन, पाणी चार चार दिवस निचरत नाही.

रंग: केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराफेक निळसर. आपल्याला सवयीनं पांढरा म्हणजे जास्त उजेड वाटतो. पण बाहेर ३००० घ्या. निळसर उजेडाकडं किडे जास्त येतात, किड्यांमागं पाली येतात, पाली फिटिंगच्या डब्यात घुसून शॉर्ट करतात, ही साखळी मी डोळ्यांनी बघितलीय. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या निघतात त्या दोन रात्री तर काहीही लावा, सगळं बंद करून बसायचं.

वॅट आणि ल्युमेन: उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, वॅट ही वीज. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढा उजेड आता ९ वॅटच्या एलईडीत येतो. पोर्चला तेवढं बास. वाटेवरच्या लहान दिव्यांना १०० ते २०० ल्युमेन पुष्कळ होतात, अंधारात डोळे सरावतात.

बिलाची भीती वाटत असेल तर हिशोब करून दाखवतो. ६ वॅटचे १० दिवे, संध्याकाळी ६ ते ११ पाच तास, म्हणजे रोज ३०० वॅट-तास, महिन्याला ९ युनिट. जुना ५०० वॅटचा एक हॅलोजन तेवढेच तास चालवला तर महिन्याला ७५ युनिट. त्यामुळं कोणाच्या माळ्यावर जुना हॅलोजन पडला असेल तर तो तिथंच राहू द्या. आधीच १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असाल तर तेवढ्यानं वरच्या स्लॅबचा दर लागतो.

बॉडी: ॲल्युमिनियम डायकास्ट घ्या. साधं प्लास्टिक आपल्या उन्हात एका वर्षात पिवळं पडतं, दुसऱ्या वर्षी बोटानं तुटतं.

ड्रायव्हर: एलईडीच्या आतला छोटा सर्किटचा डबा. दिवा मेला म्हणतो तेव्हा बरेचदा हाच मेलेला असतो. यातले कपॅसिटर उष्णतेनं मरतात, ढोबळ हिशोब असा की १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पश्चिमेची भिंत रात्री आठला पण हाताला चटका देते, त्या भिंतीला चिकटून बसलेला दिवा म्हणजे तव्यावर ठेवलेला दिवा. आमचे पश्चिमेचे दोन्ही वर्षाच्या आत गेले, पूर्वेचे अजून चालू आहेत, कंपनी एकच. ड्रायव्हरवर टीए म्हणून एक आकडा असतो, म्हणजे भोवतालचं किती तापमान चालेल, ४५ किंवा ५० वाला बघा. आणि शक्यतो ड्रायव्हर वेगळा काढता येतो असं मॉडेल घ्या, नाहीतर अख्खी फिटिंग फेकायची.

आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीचं चिन्ह बघा, पक्कं बिल घ्या, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. "वॉरंटी आहे की, मी हाय ना" ही वॉरंटी नव्हे.

५. वायर, पाईप, जॉईंट

इथं पैसे वाचवायचे नाहीत. माझं दुसऱ्या वेळचं बजेट निम्मं याच्यातच गेलं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

वायर तांब्याची, १.५ स्क्वेअर एमएम, आयएसआय मार्कवाली. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. "हिरवी संपली साहेब, काळीच टाकतो" असं कोणी म्हणालं तर काम थांबवा, दुकान पाच मिनिटावर असतं. अर्थची वायर प्रत्येक पॉइंटला पाहिजे, आज प्लास्टिकची फिटिंग लावणार असलात तरी, उद्या लोखंडी लावाल.

जमिनीतनं न्यायचं असेल तर दोन पर्याय. एक, आर्मर्ड केबल, जिच्यावर लोखंडी तारांचं कवच असतं, गाडी जाते तिथं हीच. दोन, एचडीपीई पाईपमधनं केबल. इथं काळ्या मातीचं गणित समजून घ्या. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताठ पीव्हीसी पाईपचे तुकडे सोल्यूशननं चिकटवून टाकले की वर्ष-दोन वर्षात माती ते जोड ओढून काढते, मग पाईपमध्ये पाणी, माती, मुंग्या. एचडीपीईचा पाईप गुंडाळीत मिळतो, वाकतो, सलग टाकता येतो, मधे जोडच नको. खोली दीड ते दोन फूट, खाली-वर वाळूचा थर, आणि मातीनं बुजवताना मधे विटांची एक रांग किंवा धोक्याची पिवळी पट्टी, पुढं कोणी झाड लावायला खणलं तर कुदळ आधी विटेला लागेल. मुरूम लागला तर एवढं खणायला मजूर कुरकुरतो, पण मुरमात माती तरी हलत नाही.

जमिनीतल्या पाईपमध्ये पाणी जाणारच असं धरून चाला. म्हणजे पाईपच्या आत, मातीच्या खाली, पेव्हरखाली एकही जॉईंट नको. एक पण नाही. वायर कमी पडली तर नवीन सलग वायर आणा. सगळे जॉईंट जमिनीच्या वर, फूटभर तरी उंच, आयपी ६५ च्या जंक्शन बॉक्समध्ये. बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूनं आत घ्यायची, ग्लँड (केबल शिरते ते भोक घट्ट बंद करणारा नट) लावून, वरनं कधीच नाही, आणि आत शिरायच्या आधी केबलला थोडं पोट सोडायचं म्हणजे पाणी केबलवरनं ओघळत येऊन तिथनं खाली टपकतं, डब्यात शिरत नाही. आत पीळ मारून टेप नाही, कनेक्टर लावायचे, स्क्रूवाले किंवा खटक्याचे.

भिंतीवर फिटिंग बसवली की वरच्या आणि दोन्ही बाजूच्या कडेनं सिलिकॉन भरा, खालची कड मोकळी सोडा. आपल्याला वाटतं चारी बाजू बंद केल्या की पाणी जाणार नाही, पण आत घाम धरतो, त्या पाण्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. ही एक गोष्ट मला दुसऱ्या वेळी काम केलेल्या वायरमननं शिकवली, त्याचे चहाचे पैसे वसूल.

६. डीबी आणि अर्थिंग

बाहेरच्या लाईटला डीबीत, म्हणजे घरातल्या मेन खटक्यांच्या डब्यात, वेगळा आरसीबीओ द्या, ६ अँपिअरचा, ३० मिलीअँपिअर गळतीवर पडणारा. हा एकच नग एमसीबीचं (जास्त लोडला पडणारा खटका) आणि आरसीसीबीचं दोन्ही काम करतो. नुसता आरसीसीबी जास्त लोडला पडत नाही, नुसता एमसीबी गळतीला पडत नाही, लोक याच्यात गोंधळतात. आणि त्याला मेन आरसीसीबीच्या मागं न टाकता स्वतंत्र घ्या, नाहीतर बाहेर पाणी शिरलं की दोन्ही एकदम पडतील आणि परत आमच्यासारखं सगळं घर अंधारात. डीबीत जागा नसेल तर शेजारी लहान दोन-तीन मॉड्यूलचा डबा बसतो.

एक सापळा: बाहेरच्या लाईटचा न्यूट्रल आतल्या कुठल्या तरी बोर्डातनं उचलला तर आरसीबीओ चालू करताक्षणी पडणार. मग वायरमन म्हणतो "नग खराब हाय" आणि त्याला बायपास करून जातो. नग चांगला असतो, न्यूट्रल चोरलेला असतो. फेज ज्या नगातनं गेला त्याच नगातनं न्यूट्रल गेला पाहिजे.

अर्थिंगचा खड्डा कुठं आहे तुम्हाला माहितीय का? बऱ्याच जणांना नसतं, त्यावर पेव्हर बसलेले असतात. शोधा, झाकण करून घ्या, आणि मार्च ते मे त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता, माती वाळली की अर्थिंग कमजोर पडतं. वायरमनला अर्थ टेस्टरनं मोजायला सांगा, घरासाठी साधारण ५ ओहमच्या आत धरतात.

७. पट्टीवाली लाईट लावणार असाल तर

स्ट्रिप १२ किंवा २४ व्होल्टवर चालते. लांब न्यायची तर २४ चीच घ्या. समजा ६० वॅटची पट्टी आणि ड्रायव्हरपासून अंतर १५ मीटर. १२ व्होल्टला ५ अँपिअर वाहतात, १.५ च्या वायरमध्ये जाऊन-येऊन ३० मीटरला जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच जातात, पट्टी मिणमिणते. २४ ला तोच करंट निम्मा, वाटेत जातात ते ०.९, कळत पण नाही. दुकानदार पट्टी फिकी पडली की अजून मोठा ड्रायव्हर विकतो, त्यानं काही होत नाही. रंग बदलणारी पट्टी मात्र पोरानं पंधरा दिवस बदलली, आता कायम पिवळी.

८. सेन्सर, टायमर, सोलर

मोशन सेन्सर शरीराच्या उष्णतेवर चालतो, माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक तो ओळखतो. एप्रिल-मे मध्ये रात्री आठला भिंतच माणसाएवढी गरम असते, मग साहेब ओळखतच नाहीत, आणि तेच डिसेंबरात मांजर गेलं तरी पेटतो. म्हणून मोटरपाशी सेन्सरवर विसंबू नका, हाताचा स्विच समांतर ठेवा. सेन्सर सहा ते आठ फूट उंचीवर, रस्त्याकडं तोंड नको, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर नको.

डे-नाईट सेन्सर लावताना त्याच्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडू देऊ नका, नाहीतर रात्रभर लागतो-विझतो-लागतो. टायमर लावला तर लक्षात ठेवा, नोव्हेंबर अखेरीला दिवस सहाच्या आतच मावळतो, जून अखेरीला सातच्या पुढं, म्हणजे वर्षातनं दोन-तीनदा वेळ बदलावी लागते.

सोलर दिवे कंपाउंडवर खोचायचे मिळतात. ऊन आपल्याकडं फुकट आहे म्हणून मी सहा आणले. पॅनलवर धूळ बसते, बॅटरी त्याच डब्यात तापून दीड-दोन वर्षात मान टाकते. बागेच्या कोपऱ्यात वायर नेता येत नसेल तर ठीक, बॅटरी बदलता येते असंच घ्या. पायऱ्यांना नको.

९. माणूस, सामान आणि कागद

वायरमनला तीन प्रश्न विचारा: परवाना आहे का, जॉईंट कुठं कुठं करणार, आणि काम झाल्यावर मोजमाप करून देणार का. दुसऱ्या प्रश्नाला "बघू की तिथं" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. मजुरी पॉइंटवर ठरवता तेव्हा खणणं, झिरी मारणं आणि भरणं त्यात आहे का ते आधीच बोला, आमचं भांडण तिथंच झालं. झिरी मारली वायरमननं, भरायची कोणी? गवंडी म्हणतो माझं काम नव्हे.

हाताशी ठेवायचं सामान:
- १.५ ची तीन रंगांत वायर, लागेल त्यापेक्षा १० टक्के जास्त
- आर्मर्ड केबल किंवा एचडीपीई पाईप, दोन्हीच्या मापाचे ग्लँड
- आयपी ६५ जंक्शन बॉक्स, पॉइंटांइतके नाही तरी निम्मे
- कनेक्टर, हीट श्रिंक स्लीव्ह, सिलिकॉन आणि गन
- स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, साधे गंजतात आणि भिंतीवर लाल ओघळ येतात
- आरसीबीओ, झाकणवाला बाहेरचा सॉकेट
- मल्टीमीटर, टेस्टर, शिडी, आणि शिडी धरायला एक माणूस

कागद:
- वीजबिल, त्यावर मंजूर भार असतो. दहा-बारा एलईडीनं काही फरक पडत नाही, पण सोबत बोअरची मोटर, एसी असं वाढवत गेला असाल तर एकदा बेरीज करा
- नवीन कनेक्शन असेल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावा लागतो, बाहेरची वायरिंग त्याच्या आधी उरका
- फ्लॅट किंवा सोसायटीतलं रो-हाऊस असेल तर लेखी परवानगी, भाड्याचं असेल तर मालकाची
- सगळी बिलं, आणि बुजवायच्या आधी काढलेले पाईपांचे फोटो. फोटोत टेप धरा, भिंतीपासून किती फुटावर ते दिसू दे

घरावर येणारी महावितरणची तार गच्चीजवळनं जात असेल तर त्या बाजूला शिडी, लोखंडी पाईप काहीही नेऊ नका. तिथं काम असलंच तर १९१२ वर फोन करून विचारा.

१०. पैसे द्यायच्या आधी

दिवसा वायरमन "झालं" म्हणतो. तुम्ही म्हणा रात्री बघू. रात्री झोत हलवून घ्या, गेटबाहेर जाऊन रस्त्यावरनं बघा, शेजाऱ्यांना विचारा. वायरींचं इन्सुलेशन मेगरनं (ते मोजायचं यंत्र) मोजायला लावा. मग मेन बंद करून प्रत्येक फिटिंगवर आणि बॉक्सवर नळीनं दहा मिनिटं पाणी मारा, पावसासारखं वरनं, अर्धा तास थांबा आणि मग चालू करा. पडला तर आत्ताच पडू दे, माणूस समोर आहे तोवर. शेवटी आरसीबीओवरचं टेस्टचं बटण दाबून बघा, खटकन पडला पाहिजे. हे बटण पुढंही महिन्याला एकदा दाबायचं, मी बिल भरायच्या दिवशी दाबतो म्हणजे विसरत नाही.

देखभाल फार नाही. काचा महिन्याला पुसा, ओल्या फडक्यानं, धुळीनं उजेड बघता बघता कमी होतो. बोअरचं पाणी झाडांना मारताना काचेवर उडालं की पांढरे डाग बसतात, थोडं व्हिनेगर लावलं की निघतात. पावसाळ्याच्या आधी बॉक्स उघडून मुंग्यांची वारुळं काढा, मेन बंद करून.

११. आकाशकंदिलाचा पॉइंट

हे सगळेजण विसरतात. गच्चीच्या किंवा बाल्कनीच्या पुढच्या कडेला छतात एक पक्का हूक आणि त्याच्या शेजारी झाकणवाला सॉकेट, आतनं स्विच. गेटच्या आतल्या बाजूला माळांसाठी अजून एक. दोन्ही त्याच बाहेरच्या आरसीबीओवर. नाहीतर दर दिवाळीला खिडकी उघडी ठेवून आतनं एक्स्टेन्शन ओढायचं, त्या फटीतनं डास, आणि दाराखाली चेपलेली वायर. गणपतीला, नवरात्रात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी पाहुणे आले की गच्चीवर जेवणं होतात तेव्हा, हाच पॉइंट कामाला येतो. आमच्या पहिल्या कामात तो नव्हता, दुसऱ्यात आईनं वायरमनच्या मागं उभं राहून करून घेतला, हूकला स्वतः लटकून नाही बघितलं एवढंच.